तलवारीची धार आणि तंबोऱ्याची जवारी

हिंगोली जिल्ह्यात ज्यांनी चार-दोन वर्षे मास्तरकी केली आहे, त्यांना अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे काय हे सांगायला नको. नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. विसोबा खेचरांची आठवण औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडलेली. त्यामुळे लहानशा गावातही सप्ताह होतो आणि त्या सात दिवसांत देवळातली वीणा जमिनीला टेकवायची नाही असा दंडक असतो. रात्री-अपरात्री पहारे बदलतात. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून वीणा निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गावात सप्ताहाच्या तोंडावर वीणेचा आवाज बसला. तारा नव्या घातल्या, खुंट्या पिळून झाल्या, तरी वीणा नुसती ‘ठण’ करून गप्प व्हायची. एरवी तार छेडल्यावर मागे जो गुंजारव रेंगाळतो तो नाहीसा झाला होता. गावातले एक वृद्ध म्हणाले, “जवारी गेली. मिरजेला न्यावी लागंल.” आम्ही विज्ञानाचे शिक्षक. घोडीवर, म्हणजे ज्या रुंद तुकड्यावरून तारा जातात त्यावर, तारांनी चर पाडलेले दिसत होते. चर आहेत तर घासून काढावेत, एवढ्यासाठी मिरजेला कशाला जायचे, असे आम्हांला वाटले. पॉलिश पेपर आणला आणि घोडी घासून पट्टी लावून पाहावी इतकी सपाट केली. तारा चढवल्या. आवाज होता त्याहून वाईट झाला. आधी निदान ‘ठण’ होते, आता डबा बडवल्यासारखे वाटू लागले.

शेवटी जावेच लागले. हिंगोलीवरून जाणारी नागपूर-कोल्हापूर गाडी परभणी, लातूर, कुर्डूवाडी, पंढरपूर करत मिरजेला पोचते. तिथल्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने वीणा हातात घेतली, घोडीवरून अंगठा फिरवला आणि पहिलाच प्रश्न केला, “मास्तर, ही घोडी कुणी घासली?” आम्ही काही बोललो नाही. तो हसला आणि कानशीकडे वळला.

घोडी सपाट केली तर आवाज मरतो आणि त्याच घोडीला डोळ्यांना न दिसणारा बाक दिला तर आवाज जिवंत होतो, हे कसे? आणि ही गोष्ट मिरजेच्या एका गल्लीला कशी कळली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, पहिल्याचे पदार्थविज्ञानात. आपण इतिहासापासून सुरुवात करू, कारण घडलेही त्याच क्रमाने.

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. १८१८ साली पेशवाई संपली. १८४८ साली सातारचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८५७ च्या उठावानंतर जागोजागी हत्यारे जमा करण्यात आली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर परवान्याशिवाय हत्यार बाळगणेच बंद झाले. या साऱ्या राजकीय उलथापालथीचा घाव ज्यांच्या पोटावर बसला त्यांत शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घडवणारे, त्यांना धार लावणारे आणि चकाकी देणारे कारागीर. लढाया संपल्या, संस्थानिकांच्या फौजा आटल्या आणि शिकलगारांच्या हातचे काम गेले.

मिरजेत अशाच शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी १८५० च्या सुमारास तंतुवाद्ये करण्यास सुरुवात केली, अशी हकिगत तिथल्या वाद्यकारांच्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. संस्थानिकांचे गाण्याला प्रोत्साहन होते. दरबारात गवई येत. गवयांबरोबर तंबोरे-सतारी येत आणि वाद्य म्हटले की दुरुस्ती आलीच. पुढे ‘शिकलगार’ हे आडनाव मागे पडून ‘सतारमेकर’ हे नाव लागले. आडनावात मराठीपणाही आहे आणि इंग्रजीपणाही. एकोणिसाव्या शतकातला बदल एका शब्दात पाहायचा असेल तर हा शब्द वर्गात फळ्यावर लिहावा!

तलवार करणाऱ्याने तंबोरा करावा हे प्रथम विचित्र वाटते. पण थोडा विचार केला तर तसे ते नाही. पात्याला चकाकी देणारा माणूस पृष्ठभाग डोळ्यांनी नव्हे तर उजेडाने तपासतो. पाते तिरपे धरून त्यावरून सरकणारी प्रकाशाची रेघ तो पाहतो. रेघ कुठे अडखळली तर तिथे उंचवटा किंवा खळगा आहे हे त्याला कळते. पट्टीने मोजता येणार नाही असा बाक हाताने देणे आणि तो बोटाने ओळखणे हेच त्याचे पिढीजात कौशल्य. जवारी काढताना नेमके हेच लागते. धातूची जागा हाडाने घेतली, इतकेच. हा अर्थात आमचा तर्क आहे. पण त्या गल्लीत तासभर बसून कानशीचे हात पाहिले की तो फारसा लांबचा वाटत नाही.

मिरजेचे नशीब असे की, वाद्ये करणारे आणि वाद्ये पारखणारे एकाच वेळी एकाच गावात आले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) मिरजेस राहून शिकवीत. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी गमावल्यावर त्यांच्यापाशीच शिकले. १८९६ साली ते मिरजेहून बाहेर पडले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी गाणे होते. खाँसाहेब तंबोरा सुरात लावण्याबद्दल फार काटेकोर. असा गिऱ्हाईक दाराशी असल्यावर कारागिराला आपल्या कामाची चूक दाखवायला निराळी प्रयोगशाळा लागत नाही.

आता तंबोरा घडतो कसा ते पाहू. बाहेरगावच्या माणसाला वाटते की वाद्य मिरजेत तयार होते. खरे म्हणजे त्याचा निम्मा जन्म शेतात होतो. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढे भागातून, भीमेकाठच्या गावांतून येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा आपला स्वयंपाकघरातला दुधीच, जात तीच, फक्त हा वाण कडू आणि आकाराने प्रचंड. तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर चार फुटांच्या पुढे असतो. (कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि ती विषारी असतात. घरच्या दुधीची फोड कडू लागली तर ती भाजी टाकून द्यावी, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.) भोपळा पिकून महिनोन्‌महिने वाळू द्यावा लागतो. तो घट्ट, निब्बर आणि वजनाला हलका झाला म्हणजे तयार झाला. अवेळी पाऊस आला, नदीला पूर आला, तर त्या वर्षीचा माल गेला. लाकूडकामात कितीही तरबेज असलेला कारागीर भोपळ्यापुढे शेतकऱ्याइतकाच पराधीन असतो.

मिरजेत आणलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, हवा तसा कापतात, आतला गर-बिया खरवडून काढतात आणि आकार बिघडू नये म्हणून आतून काटक्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवतात. मग त्यावर लाकडाचा गळा बसवतात. गळ्याला पोकळ दांडी जोडतात आणि भोपळ्याच्या तोंडावर तबली, म्हणजे लाकडाची पातळ, किंचित फुगीर फळी, सरसाने चिकटवतात. लाकूड बहुधा तुनाचे. ते हलके असते, चिरत नाही आणि कोरायला मऊ असते. मग पाने-फुले कोरायची, नक्षीच्या पट्ट्या बसवायच्या, खुंट्या, लाखेचे पॉलिश. या प्रत्येक पायरीला निरनिराळे हात असतात. एकच माणूस सगळे करतो असे क्वचितच.

या सगळ्यात आवाज कोण देतो? भोपळा, असे कोणीही सांगेल. इथे थोडा वेळ स्पेनमध्ये जाऊन येऊ. ज्या काळात फरीदसाहेब मिरजेत पहिले तंबोरे करीत होते, त्याच काळात आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) नावाचा सुतार सेव्हिल शहरात गिटार करीत होता. आजची सहा तारांची लाकडी गिटार ज्या बांधणीची असते ती बव्हंशी या तोरेसने रूढ केली. त्याचे म्हणणे होते की गिटारीचा आवाज पुढच्या फळीत असतो, पाठीत आणि कडांत नव्हे. म्हणणे सिद्ध करायला त्याने १८६२ साली एक गिटार केली. तिची पुढची फळी उत्तम लाकडाची आणि पाठ व कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या! ती गिटार वाजली, आणि चांगली वाजली असे ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. आज ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. एक घटक बदलायचा, बाकीचे तसेच ठेवायचे आणि फरक ऐकायचा ही प्रयोगाची पद्धत शाळेत न शिकलेल्या सुताराने वापरली, हे आम्हांला त्या गिटारीपेक्षाही मोलाचे वाटते.

तंबोऱ्यातही तारेचे कंपन घोडीवरून तबलीत उतरते. तबली मोठ्या क्षेत्रफळाने हवा हलवते आणि भोपळ्याच्या पोटातली हवा तिला साथ देते. इथपर्यंत मिरजेचा तंबोरा आणि सेव्हिलची गिटार यांची गोष्ट एकच आहे. फरक पडतो तो घोडीपाशी.

गिटारीची तार जिथे टेकते तिथे अरुंद, स्पष्ट कड असते. तार तिथे संपली म्हणजे संपली. तिची लांबी ठरलेली. तंबोऱ्याची घोडी मात्र दोन-तीन बोटे रुंद असते आणि तिचा माथा सपाट दिसला तरी पुढच्या बाजूला अगदी किंचित उतरता असतो. तार या उतारावरून, जवळजवळ स्पर्शरेषेच्या दिशेने, निघते. शिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोऱ्याचा एक बारीक तुकडा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की एका विशिष्ट जागी तार एकदम बोलू लागते. हीच जवारी. गवई तार नुसती सुरात लावून थांबत नाहीत, दोरा सरकवत बसतात ते यासाठी.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. ताणलेली तार संपूर्ण लांबीत हलते तेव्हा मूळ स्वर निघतो. पण त्याच वेळी ती दोन, तीन, चार भागांतही हलत असते. त्यांतून दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर निघतात. दोन भागांतल्या कंपनात तारेचा मध्यबिंदू स्थिर राहतो. अशा स्थिर बिंदूला निस्पंद म्हणतात. आता तार बरोबर मध्यावर छेडली तर? ज्या कंपनात मध्यबिंदू हलतच नाही ते कंपन मध्यावर बोट मारून सुरू होणार नाही. म्हणून मध्यावर छेडलेल्या तारेत दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर असू नयेत. ही गोष्ट टॉमस यंगने १८०० साली मांडली आणि १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या हेल्महोल्ट्झच्या ग्रंथाने ती पक्की झाली. यंग-हेल्महोल्ट्झचा नियम म्हणून ती ओळखली जाते. व्हायोलिन, पियानो, गिटार यांच्यावर साठ वर्षे हा नियम पारखून झाला होता.

१९२१ साली कलकत्त्यातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. पुढे १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशाच्या विकिरणावरील कामाबद्दल. पण त्याआधीची अनेक वर्षे रामन वाद्यांच्या मागे लागले होते, हे आपण वर्गात सहसा सांगत नाही. या निबंधात त्यांनी दाखवले की, तंबोरा आणि वीणा या नियमाला जुमानत नाहीत. ज्या उपस्वराचा निस्पंद छेडण्याच्या जागेवरच येतो तो उपस्वरसुद्धा या वाद्यांत स्पष्ट, कधी कधी मूळ स्वरापेक्षाही ठळक ऐकू येतो. जो स्वर असूच नये तो असतो. आणि याचे कारण त्यांनी घोडीच्या आकारात शोधले.

कारण थोडक्यात असे. नियम मांडताना आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते की, तारेचे टोक पक्के आहे आणि तिची लांबी ठरलेली आहे. तंबोऱ्यात तार खाली येते तेव्हा घोडीच्या उतारावर थोडी टेकते आणि वर जाते तेव्हा सुटते. दोऱ्यामुळे ती घोडीपासून केसभर उचललेली असते, म्हणून हे टेकणे-सुटणे प्रत्येक कंपनात क्षणभरच पण नेमाने घडते. प्रत्येक टेकण्याबरोबर तारेला टोकापाशी एक बारीक टिचकी बसते. छेडण्याची जागा कोणतीही असो, या टिचक्या टोकापाशीच बसतात आणि टोकापाशी कोणत्याही उपस्वराचा निस्पंद नसतो (अगदी शेवटचा बिंदू सोडून). म्हणून मूळ स्वराची ऊर्जा थोडी थोडी करून वरच्या उपस्वरांत वाटली जाते. तार छेडल्यावर तंबोऱ्यात उपस्वर एकामागून एक चमकत खाली उतरताना ऐकू येतात ते यामुळे. आम्ही पॉलिश पेपरने उतार घालवला होता. तार घोडीवर एक तर पूर्ण चिकटत होती नाही तर थडथडत होती. टेकणे-सुटणे जमत नव्हते.

रामन यांनी कारण सांगितले. परंतु घोडीला बाक नेमका किती असावा याचे गणित त्या निबंधाने दिले नाही. ते सोपेही नव्हते. हलत्या तारेला एका बाजूने अडथळा असेल तर समीकरणे सरळ राहत नाहीत. १९८२ साली अमेरिकेतील गणितज्ञांनी सतारीच्या तारेवर एक प्रबंध लिहिला. २०१६-१७ च्या सुमारास बेलफास्ट आणि पॅरिस येथील संशोधकांनी तंबोऱ्याच्या तारेची संगणकावर प्रतिकृती केली आणि मोजलेल्या कंपनांशी ती ताडून पाहिली. म्हणजे रामन यांच्यापासून शंभरेक वर्षे हा धागा चालला आहे आणि फरीदसाहेबांपासून मोजले तर पावणेदोनशे.

इथे दोन टोकाची मते आमच्या कानांवर येतात. एक असे की, आपल्या पूर्वजांना हे सगळे विज्ञान आधीच ठाऊक होते. दुसरे असे की, कारागीर अंदाजाने करीत गेले आणि योगायोगाने जमले. दोन्ही आम्हांला पटत नाहीत. यंगचा नियम मिरजेत कुणाला माहीत नव्हता, तो मोडतो हेही कुणाला माहीत असायचे कारण नव्हते. पण कोणता बाक आणि कोणता दोरा दिला असता कोणता आवाज निघतो, हे हजार घोड्या घासून आणि त्यांतल्या कित्येक फुकट घालवून ठरवलेले ज्ञान होते. ते चाचणीतूनच आले होते. फक्त ते लिहिलेले नव्हते. बंद जवारी, खुली जवारी, गोल जवारी असे शब्द त्या गल्लीत आहेत. ते वर्गीकरणच आहे. मोजमाप कानाचे, इतकेच.

कानाच्या मोजमापाला कमी लेखू नये. तंबोऱ्याच्या चार तारा सामान्यपणे पंचम, षड्ज, षड्ज आणि खरज अशा लावतात. पुरुषांच्या तंबोऱ्यात ‘काळी एक’ हा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. हिशेबाला सोपा म्हणून तो १४० धरू. त्याच्या खालचा शुद्ध पंचम तीन-चतुर्थांश, म्हणजे १०५ हर्ट्झ. पंचमाचा चौथा उपस्वर ४२० आणि षड्जाचा तिसरा उपस्वरही ४२०. दोन्ही तंतोतंत जुळतात. आता पंचम पेटीच्या समान अंतराच्या पट्ट्यांप्रमाणे लावला तर तो १०४.८८ हर्ट्झ येतो आणि त्याचा चौथा उपस्वर सुमारे ४१९.५. दोघांत अर्ध्या हर्ट्झचा फरक, म्हणजे दर दोन सेकंदांना आवाजाची एक लाट. यालाच विस्पंद म्हणतात. तंबोरा लावणारा माणूस तारेतला मणी तांदळाच्या दाण्याएवढा सरकवतो आणि ती लाट थांबेपर्यंत ऐकत राहतो. हजारात एकाहून थोडासा जास्त फरक तो असा नुसत्या कानाने पकडतो. जवारी नसती तर हे उपस्वर इतके ठळक झाले नसते आणि लाटही ऐकू आली नसती. म्हणजे जवारी ही नुसती गोडी नाही, मापन-साधनाची सूक्ष्मता आहे.

खरजाच्या तारेचा पाचवा उपस्वर पाहा. खरज ७०, त्याची पाचपट ३५०. वरच्या सप्तकातील षड्ज २८० धरला तर ३५० म्हणजे त्याच्या सव्वापट, म्हणजेच शुद्ध गंधार. चारही तारांत गंधार लावलेला नसतो, तरी नीट लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सांगलीचे कृ. ब. देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांनी तारेच्या लांब्या मोजून स्वरांची गुणोत्तरे ठरवण्याचा खटाटोप केला आणि त्यात सातारच्या बाजूला न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स यांचा आणि प्रत्यक्ष गाऊन दाखवणारे म्हणून अब्दुल करीम खाँ यांचा सहभाग होता. श्रुती खरोखर बावीसच आहेत का आणि त्या अशा ठरवता येतात का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. तो वाद इथे नको. पण कृष्णाकाठच्या या टापूत गवई, सरकारी अधिकारी आणि वाद्यकार तार मोजत होते आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांतच कलकत्त्यात रामन तीच तार छेडत होते, हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे.

आजची स्थिती? घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत वापरीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांनी ते बंद झाले आणि ते योग्यच झाले. मग उंटाचे हाड, शिसव, आबनूस, कृत्रिम फायबर अशा वस्तू आल्या. प्रत्येक वस्तूची झीज वेगळी, कानशीखाली वागणूक वेगळी, म्हणून हाताला पुन्हा शिकावे लागले. तुनाचे लाकूड महागले. २०१९ साली कृष्णेचा पूर आला, त्यामागोमाग २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मैफलीच थांबल्या. त्याआधीपासून, १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला होताच. आता तो मोबाइलमध्ये आला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आमच्याकडे एखादी मुलगी गाणे शिकते तेव्हा तिच्या घरी हजारो रुपयांचा तंबोरा येणे शक्य नसते, मोबाइल मात्र असतो. परंतु त्याचा परिणाम असा की जवारी काढणारा हात कमी झाला आहे. तबली बसवणारा तयार करता येतो, नक्षी यंत्रावर काढता येते. जवारी काढणारा व्हायला वर्षानुवर्षे कुणाशेजारी बसावे लागते आणि त्या वर्षांत हाती फारसे काही पडत नाही. कारागिराचा मुलगा शिकून दुसरीकडे नोकरी धरतो तर त्यालाही दोष कसा द्यावा? आपण शिक्षकच त्याला शिकवतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचे नाव लावून बाहेरचा माल खपवण्याला त्यामुळे आळा बसेल. मानांकनाने नाव राखले जाते. बाक राखला जाईल की नाही ते शेजारी बसायला कोण येतो यावर आहे.

आमची वीणा अर्ध्या दिवसात झाली. कारागिराने घोडी दिव्याच्या उजेडात तिरपी धरून पाहिली, चार-सहा वेळा कानस फिरवली, तार चढवली, ऐकली, उतरवली, पुन्हा कानस. दहा-बारा वेळा हेच. मग दोरा सरकवला आणि वीणा एकदम बोलली.

सप्ताह संपल्यावर गावकऱ्यांची परवानगी काढून आम्ही वीणा एक दिवस शाळेत आणली. जो प्रयोग नववीच्या मुलांनी केला तो कुणालाही करता येईल. आधी स्वरमापीची, म्हणजे शाळेतल्या सोनोमीटरची, धारदार सेतूंवर ताणलेली तार बरोबर मध्यावर छेडायची आणि लगेच मध्यावरच बोटाचा हलका स्पर्श करायचा. आवाज बंद होतो. मूळ स्वर आणि बाकीचे विषम उपस्वर मध्यावर हलत असतात, ते बोटाने मेले. सम उपस्वर मुळात निर्माणच झाले नव्हते. आता तेच वीणेच्या तारेवर करायचे. मध्यावर छेडा, मध्यावर स्पर्श करा. मूळ स्वर जातो आणि मागे वरच्या सप्तकातला स्वर स्वच्छ वाजत राहतो. मग दोरा काढून घ्या आणि पुन्हा करा. तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो. मध्य अचूक साधला पाहिजे, त्यासाठी तारेखाली कागदाची पट्टी लावून खूण करावी. वीणा किंवा तंबोरा मिळाला नाही तर सुताराकडून शिसवीचा दोन बोटे रुंद तुकडा आणून एका बाजूला अगदी किंचित उतार द्यावा आणि सोनोमीटरच्या एका सेतूऐवजी तो ठेवावा. उतार साधायला आम्हांला तीन तुकडे लागले.

मुलांपैकी एकाने दोरा जाड घेतला तर काय होईल असे विचारले. आम्ही शिवणकामाचा, पतंगाचा आणि पोत्याचा असे तीन दोरे लावून पाहिले. पतंगाच्या दोऱ्याने वीणा चांगली बोलली, पोत्याच्या सुतळीने गप्प झाली. शिवणकामाच्या दोऱ्याने बोलली, पण जागा फार थोडी मिळाली, जरा हलला की गेला. किती जाडीच्या दोऱ्याला किती लांबीची जागा मिळते याचा तक्ता मुलांनी वहीत काढायला घेतला आहे. तारेची जाडी बदलली की तो सगळा पुन्हा काढावा लागतो, एवढे त्यांच्या आताच लक्षात आले आहे.